एक 'ओ' जास्त

गार्डन सिटी, कॅन्सस. सकाळचे नऊ चाळीस.
दक्षिणेचा वारा सुटला की वर्गातही गोठ्यांचा वास येतो
आणि कुणी नाक मुरडत नाही.
त्या वासावर अर्ध्या वर्गाची चूल पेटते.

मी मदतनीस. मूळची इचलकरंजीची. पगार तासावर.
'पगार' म्हटलं की सेन्योरा बेनाविदेस हसतात,
त्यांच्यात पागार म्हणजे पैसे चुकते करणं.
मेजाला त्या मेसा म्हणतात, खमिसाला कामिसा.
कुठल्या गलबतातून कोण कुठे उतरलं, कुणास ठाऊक,
पण त्रेचाळिसाव्या वर्षी स्पॅनिश शिकताना
मला परक्या माळ्यावर
माझ्याच घरची भांडी सापडत होती.

आज बेडकाचा खेळ.
पडद्यावर तळं, तळ्यात दोन पानं,
एकावर इंग्रजी शब्द, एकावर स्पॅनिश.
दिसतात तर सारखे. पण सख्खे आहेत का?
ओळखा, आणि मारू द्या बेडकाला उडी.
हॉस्पिटल, ओस्पिताल : उडी.
फॅमिली, फामिलिया : उडी.
याहीर खुर्चीतच उसळतो,
दामारिस हेडफोनचा स्पंज कुरतडत कुरतडत जिंकते.
सेन्योरा सांगतात, वाचणं म्हणजे आधी अंदाज बांधणं,
आणि चुकला तर मागे येणं.
मागे येण्याला खेळात गुण नाहीत.

मग आले एक्झिट आणि एक्सितो.
तेवीस बोटं एकदम 'सख्खे'वर.
तेवीस बेडूक तळ्यात. डुबुक, डुबुक, वर्गभर.
एक्सितो म्हणजे यश.
दाराशी त्याचा काही संबंध नाही.

चोविसावा बेडूक पानावरच बसून राहिला.
एउलालिया पास्कुआल. टॅब्लेटचा कोपरा तडकलेला.
वेळ संपली. गुण शून्य.

मी तिच्या शेजारी उकिडवी बसले. का नाही दाबलंस गं?
ती सावकाश बोलते. तिची आई तिला ज्या भाषेत रागावते
ती ग्वातेमालाच्या डोंगरातली, या तळ्यात तिचं पान नाही.
म्हणाली, दोन्हीकडे बघत होते.
म्हणाली, याला शेवटी एक 'ओ' जास्त आहे.

मग मी तिला माझा बुडालेला बेडूक सांगितला :
माझ्या भाषेत शिक्षा म्हणजे अंगठे धरून उभं राहणं,
शेजारच्या भाषेत शिक्षा म्हणजे शिकणं.
हिंदीच्या पहिल्याच पेपरात मी लिहून आले होते,
मार खाणं हा प्रत्येकाचा हक्क आहे.
हसली. समोरचा एक दात पडलेला.

हसता हसता हेडफोन गळ्यात उतरवला तिनं.
बाबा रात्रपाळीला असतात, मांसाच्या कारखान्यात.
तिथं दारावर लाल दिव्यात तो शब्द आहे.
बाबा म्हणतात, ही माणसं वाईट नाहीत बघ,
पहाटे आम्ही दमून निघतो
तर दारावर यश लिहून ठेवतात आमच्यासाठी.
शेवटचं अक्षर तेवढं पडलंय, लावतील कधीतरी.

ती पडद्याकडे बघत होती. पडदा विचारत होता,
पुन्हा खेळायचं?
मग हळूच : बाबांचा पण बुडाला का?

मला उत्तर आलं नाही. कुठल्याच भाषेत.
तेवढ्यात याहीरला शू लागली, दोघांची चार्जरवरून जुंपली,
नि तास संपला.

तिच्या नावापुढे यंत्रानं नोंदवलंय : प्रतिसाद नाही.
मी खाली पेन्सिलनं लिहिलं :
थांबली. मागे गेली. शेवटचं अक्षर तपासलं.
घरचं काही तिला आठवलं,
ते लिहिलं, आणि खोडलं.

साडेतीनला बाहेर पडताना
दाराच्या वर बघायचं नाही, असं ठरवलं होतं.
बघितलं.